विहिरीवरील लाल खूण

आमच्या वाडीतील विहिरीच्या कठड्यावर एकदा एका आरोग्यसेविकेने लाल रंगाची फुली मारली होती. ती फुली आम्ही पुसली. या लेखाचा सारा विषय एवढाच आहे. पुढे जे लिहीत आहोत तो आमचाच आमच्याशी चाललेला झगडा आहे.

घटना काही वर्षांपूर्वीची. मे महिना सरत आला होता आणि वाडीत लग्न होते. मांडव उभा राहिला होता, पाहुण्यांनी घरे भरली होती आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उंबराचे पाणी आणायचे होते. आपल्या लग्नांत या विधीचे स्थान काय, हे वाचकांना सांगण्याची गरज नाही. बँडच्या तालावर, आप्तेष्टांच्या मेळ्याने विहिरीवर जायचे, पाणी शेंदायचे, मानाने घरी आणायचे. जिचे पाणी पिऊन पिढ्या वाढल्या, त्या विहिरीला जणू लग्नाचे आमंत्रणच असते. नेमक्या त्याच सकाळी आरोग्य केंद्रातील बाई उन्हातून चालत आल्या. पंधरा दिवसांपूर्वी नेलेल्या पाण्याच्या नमुन्याचा अहवाल आला होता. पाणी दूषित होते. टीसीएल पावडर टाकून पुन्हा तपासणी होईपर्यंत ते पिण्यास वापरू नये. निरुपाय झालाच तर खळखळून उकळून घ्यावे, असे त्यांनी सांगितले, कठड्यावर फुली मारली आणि वहीत आमच्यापैकी एकाची सही घेतली. आम्ही रीतीप्रमाणे सरबताचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, क्षणभर थांबल्या आणि न पिताच परत ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही बोललो नाही.

रात्री आम्ही रॉकेलच्या बोळ्याने ती खूण पुसून काढली. आमच्यापाशी कारणे तयार होती. आजोबा-पणजोबा हेच पाणी प्याले, त्यांना काय झाले? पाहुण्यांत उगाच घबराट कशाला? नवऱ्या मुलाकडची मंडळी काय म्हणतील? दोन दिवसांचा तर प्रश्न. सोमवारी पावडर टाकूच. उंबराचे पाणी थाटात आले. आचाऱ्याने स्वयंपाकाला तेच वापरले, पंगतीत पेल्यांतूनही तेच फिरले.

जूनच्या अखेरीस कावीळ दिसू लागली. वाडीत पाचजण आजारी पडले, पाहुण्यांपैकी दोघांचा निरोप आला. आठवीतील एका मुलाला तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले. कोणी दगावले नाही ही देवाची कृपा; आमची पुण्याई नव्हे. दूषित पाण्यातून येणारी कावीळ शरीरात शिरल्यापासून डोळ्यांत दिसेपर्यंत बहुधा दोन ते सात आठवडे जातात. तोवर पाऊसही सुरू झाला होता, अनेक ठिकाणचे पाणी गढूळ झाले होते. त्यामुळे त्या सातजणांना आमच्याच विहिरीने आजारी पाडले, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. बरीच वर्षे आम्ही या अनिश्चिततेचा आडोसा घेतला. परंतु आमचा अपराध त्या सात आजारांवर अवलंबून नाही, हे हळूहळू उमगत गेले. कोणीही आजारी पडले नसते तरी तो अपराध होताच. ज्यांच्या जिवाशी त्या खुणेचा संबंध होता, त्यांच्यापासून ती आम्ही लपवली होती.

येथून खरा प्रश्न सुरू होतो. धोक्याचे ज्ञान कोणाच्या मालकीचे असते? ज्याला ते प्रथम कळते त्याच्या, की ज्याच्यावर तो धोका यायचा आहे त्याच्या?

पवित्र शास्त्रात यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात पहारेकऱ्याचा दृष्टान्त आहे. तलवार येताना पाहूनही जो पहारेकरी कर्णा फुंकत नाही, त्याच्याकडून गेलेल्या प्राणांचा हिशेब मागितला जातो. त्याने कर्णा फुंकला आणि ऐकणाऱ्याने दुर्लक्ष केले, तर मात्र पहारेकरी मोकळा. त्या दृष्टान्तात पहारेकऱ्याला निवडीची मुभा नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. लोक घाबरतील का, बाजार बंद पडेल का, हे तोलण्यासाठी त्याला बुरुजावर ठेवलेले नाही. त्याचे डोळे त्याचे स्वतःचे नाहीत. ते गावाने त्याच्याकडे ठेव म्हणून दिलेले आहेत. ठेव परत न करणे याला आपण चोरी म्हणतो.

दृष्टान्त सोपा वाटतो, व्यवहार तितका सोपा नसतो. मुंबई शहराला याचा अनुभव १८९६ साली आला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात काही विलक्षण तापाचे रोगी एका डॉक्टरांच्या पाहण्यात आले. डॉक्टर होते अकासिओ गाब्रिएल व्हिएगस. गोव्यात जन्मलेले, आपल्याच श्रद्धेचे, मुंबई महापालिकेचे सदस्य. काखेतील आणि जांघेतील गाठी पाहून त्यांनी निदान केले: हा गाठीचा प्लेग आहे. हा शब्द उच्चारणे म्हणजे काय, हे त्या काळच्या मुंबईच्या संदर्भात समजून घ्यायला हवे. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. शहराचे सारे ऐश्वर्य बंदरावर उभे. प्लेगचे नाव जाहीर झाले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, व्यापार बसणार, मजूर पळणार. साहजिकच निदानावर शंका घेतली गेली. स्वतंत्र तज्ज्ञांना बोलावून पडताळणी करण्यात आली आणि डॉक्टरांचे म्हणणे खरे ठरले.

पुढे जे भय होते ते घडलेही. काही महिन्यांत लाखो माणसांनी मुंबई सोडली. रेल्वे स्थानके आणि धक्के माणसांनी भरून वाहिले, निम्मे शहर ओस पडल्याच्या नोंदी आहेत. मग बोलून काय मिळवले, असे कोणी विचारील. मिळाले ते हे: रोगाचे नाव ठरल्यामुळे त्याच्याशी झुंज सुरू होऊ शकली. वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईस बोलावण्यात आले. त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. परळच्या संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. स्वतः डॉक्टर व्हिएगस घाणीने भरलेल्या वस्त्या साफ करण्यासाठी आणि उंदरांच्या नाशासाठी अखंड झटले. पुढे ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावच्या परिसरात त्यांचा पुतळा आहे. त्याच्यासमोरून आपण कितीदा गेलो असू. मुंबईच्या गावठाणांतून प्लेगच्या काळात उभारलेले क्रूसही अजून उभे आहेत. मे महिन्यात त्यांना फुलांच्या माळा चढतात, त्यांच्यापुढे रोजरी म्हटली जाते. क्रूसाला माळ घालताना आपल्या पूर्वजांची आर्त प्रार्थना आपल्याला आठवते. त्या प्रार्थनेबरोबरच एका माणसाने भर सभेत उच्चारलेला एक अप्रिय शब्दही त्या काळात जीव वाचवीत होता, हे आपल्याला सहसा आठवत नाही.

तर मग खरे बोलणे एवढे पुरेसे आहे काय? त्याच साथीचा पुण्यातील इतिहास आपल्याला थांबवतो. १८९७ साली तेथे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अधिकाराखाली प्लेग निवारणाची मोहीम झाली. रोग खरा होता, धोका खरा होता, रोग्याला वेगळे ठेवण्याची गरजही खरी होती. परंतु ते सत्य गोऱ्या शिपायांच्या बुटांबरोबर घरांत शिरले. स्वयंपाकघरांत, देवघरांत, स्त्रियांच्या खोल्यांत. परिणाम असा झाला की लोक रोगापेक्षा तपासणीलाच अधिक भिऊ लागले. घरातले आजारी माणूस लपवण्यात त्यांना आपली अब्रू सुरक्षित वाटू लागली. २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि पुढे त्यांचा मृत्यू झाला. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु ज्या सत्यात माणसाबद्दल आदर नसतो, ते ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचूनही अंतःकरणाबाहेरच राहते, हा त्या वर्षाचा धडा आहे. आणि त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांना आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचवीत होत्या. एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग संसर्गाचा आहे, हे त्यांनाही ठाऊक होते. हातात हुकूम असलेल्यांपेक्षा, पाठीवर रोगी घेणाऱ्याने दिलेली सूचना लोक लवकर मानतात.

मिलान शहराचे आर्चबिशप संत चार्ल्स बोरोमिओ यांची आठवण येथे होते. १५७६ साली तेथे प्लेग आला आणि माणसे घरांत कोंडली गेली. त्यांनी चव्हाट्यांवर वेद्या उभारून मिस्सा चालवल्या. कोंडलेल्या माणसांनी आपापल्या खिडक्यांतून त्यांत भाग घ्यावा म्हणून. घरात राहा, ही सूचना नागरी अधिकाऱ्यांची होती. संतांनी ती मोडली नाही. ती पाळताना माणूस एकटा पडू नये, एवढी तरतूद केली. २०२० सालचा आपला ईस्टर आठवावा. चर्चची दारे बंद, वेदीसमोर एकटे धर्मगुरू, घरोघरी शांतता. त्या दिवसांत धर्मग्रामातील जी तरुण मुले तोंडाला पट्टी बांधून दाराशी तांदूळ आणि औषधे ठेवून जात होती, त्यांच्यामुळेच अनेक वृद्धांना घरात राहा ही सूचना शिक्षेसारखी वाटली नाही.

दुसरी एक अडचण त्याच साथीने समोर आणली. धोका सांगायचा, पण माणसाचे नावही सांगायचे काय? आरंभीच्या महिन्यांत अनेक ठिकाणी रोग्याच्या दारावर फलक चिकटवले गेले. हेतू शेजाऱ्यांना सावध करण्याचा होता. घडले असे की शेजाऱ्यांनी दूधवाल्याला त्या दारी जाऊ दिले नाही, घर बरे झाल्यावरही त्या अंगणाकडे लोक वाकड्या नजरेने पाहत राहिले. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्षम अधिकाऱ्याचा कायद्यानुसार तसा खास आदेश असल्याखेरीज असे फलक लावू नयेत. त्या निकालात आम्हाला एक नैतिक विवेक दिसतो. धोक्याचे नाव समाजाच्या मालकीचे आहे. रोग्याचे नाव रोग्याच्या मालकीचे आहे. विहीर दूषित आहे, हे साऱ्या वाडीला कळायलाच हवे. क्षयाचा रोगी कोण, हे मात्र त्याच्या डॉक्टरांना, शासनाच्या आरोग्य खात्याला आणि ज्यांची तपासणी व्हायला हवी त्या निकटच्या माणसांना कळले म्हणजे पुरे. २०१२ पासून आपल्या देशात क्षयाची नोंद शासनाला कळवणे डॉक्टरांना बंधनकारक आहे. ती नोंद चव्हाट्यावर वाचून दाखवण्यासाठी नव्हे. आपली गंमत अशी की आपण नेमके उलटे करतो. विहिरीवरची खूण पुसतो आणि शेजारच्या खोकल्याची बातमी मात्र चर्चच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी चौघांना देतो.

घबराट होईल, हा गप्प राहणाऱ्यांचा सर्वांत आवडता आधार. आम्हीही तोच घेतला होता. पण घबराट बोलण्याने होते की न बोलण्याने? २६ जुलै २००५ चा दिवस आपल्यापैकी कोणी विसरलेला नाही. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच वेळी कुलाब्यात जेमतेम ७३. शहराचे एक टोक बुडत असताना दुसऱ्या टोकाला त्याची कल्पना नव्हती. शाळा सुटल्या, कचेऱ्या सुटल्या आणि माणसे कंबरभर पाण्यात चालू लागली, कारण पुढे गळ्याएवढे पाणी आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी जुहूच्या नेहरूनगर झोपडपट्टीत रात्री अफवा उठली की लाटा येत आहेत, धरण फुटले आहे. पावसातून वाचलेली दहाहून अधिक माणसे त्या चेंगराचेंगरीत गेली. खरी सूचना वेळेवर आली नव्हती. म्हणून खोटी आली तेव्हा लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. सुरत शहरात सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो माणसे रातोरात गाडीच्या डब्यांना लोंबकळून निघाली, त्या मागेही हेच कारण होते. आपल्याला पूर्ण सांगितले जात नाही, असा संशय. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे तेथे आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहर झाडून घेतले आणि अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर वस्त्यांत पाठवले. नगरपालिकेचा माणूस रोज दिसू लागला, तेव्हा त्याच्या शब्दालाही वजन आले. रिकाम्या जागेत पाणी शिरते तशी मौनाच्या जागेत अफवा शिरते.

आता ऐकणाऱ्याकडे वळू, कारण आपण बहुतेकजण आयुष्यभर ऐकणारेच असतो. रिक्षावर भोंगा लावून ग्रामपंचायतीची सूचना गल्लीतून फिरते: पाणी उकळून प्या, टाक्या झाका, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. आपण दूरदर्शन संचाचा आवाज वाढवतो. वादळाचा इशारा येतो, बंदरावर बावटा चढतो आणि वादळ वाट बदलून दुसरीकडे जाते. मग चहाच्या दुकानात वेधशाळेची थट्टा सुरू होते. आम्हाला येथे योना संदेष्टा आठवतो. चाळीस दिवसांनी निनवेचा नाश होईल, असे त्याने शहरभर ओरडून सांगितले. निनवेच्या लोकांनी ऐकले, पश्चात्ताप केला आणि शहर वाचले. योनाला मात्र संताप आला. त्याचे शब्द खोटे पडले होते ना! ऐकलेली सूचना बहुधा खोटी पडल्यासारखी दिसते, कारण ती ऐकली गेलेली असते. ज्या वर्षी गावात डेंग्यू येत नाही, त्या वर्षी धूर मारणाऱ्याचे कोणी आभार मानत नाही. प्रतिबंधाला पुरावा नसतो. म्हणून त्याच्याकरिता राबणाऱ्यांना कृतज्ञतेशिवाय काम करावे लागते. दारी येऊन फ्रीजखालचे साचलेले पाणी दाखवणाऱ्या आशाताईला आपण दारातच उभे ठेवतो. तिचे बोलणे आपल्याला घरातल्या अस्वच्छतेवर ठेवलेले बोट वाटते. ती आपल्या आणि आपल्या लेकरांच्या जिवाची पहारेकरीण आहे, असे वाटत नाही.

अर्थात अधिकाऱ्यांची जबाबदारी याने कमी होत नाही. कचेरीतल्या फळ्यावर इंग्रजीत कागद टाचून ठेवणे म्हणजे कळवणे नव्हे. जी सूचना म्हातारीला तिच्या बोलीत समजत नाही, मच्छीमाराला समुद्रात पोहोचत नाही, ती दिलीच गेली नाही असे समजावे. आणि पाणी पिऊ नका असे सांगणाऱ्याने पिण्याचे दुसरे पाणी कोठे मिळेल, हेही सांगायला हवे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसे गेली. आणि गाव जागेवर नाही, हे प्रथम लक्षात आले ते सकाळच्या एस. टी. च्या चालकाच्या. कळवणारी सारी यंत्रणा असूनही कधीकधी शेवटचा पहारेकरी रोजच्या वाटेने जाणारा साधा माणूसच असतो. म्हणून हे काम केवळ शासनाचे, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर एक मोठी घंटा आहे. १७३९ साली वसईचा किल्ला चिमाजीअप्पांनी जिंकल्यावर ज्या घंटा देशावर गेल्या, त्यांतली ती एक, असे मानले जाते. जवळच नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कोठवर चढले यावरून नाशिककर पुराचा अंदाज घेतात. आपल्या पूर्वजांना मिस्सेला बोलावणारी घंटा आज दुसऱ्या धर्माच्या देवळावर, पुराची खूण राखणाऱ्या दुसऱ्या देवाच्या शेजारी आहे. ती पाहताना आम्हाला वाईट वाटले नाही. पूर आला की पाणी कोणाचा धर्म विचारत नाही आणि सावध करणाऱ्यानेही तो विचारू नये.

आठवीतील तो मुलगा आता मोठा झाला आहे. गेल्या वर्षी त्याचे लग्न ठरले, तेव्हा आम्ही त्याच्या घरी गेलो आणि त्या रात्रीची गोष्ट त्याला आणि त्याच्या आईला सांगितली. मुलगा हसला, म्हणाला, जाऊ द्या हो. आई मात्र बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "त्या दिवशी सकाळी सांगितलं असतंत, तर आम्ही घरून पाणी आणलं नसतं का?" या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही ज्या घबराटीला भीत होतो, तिचे खरे रूप एवढेच होते: लोकांनी घरून पाणी आणले असते.

त्याच्या लग्नाआधी आम्ही विहिरीचा गाळ काढला, पाणी तपासून घेतले, आणि अहवालाचा कागद मांडवाच्या खांबाला, सर्वांना वाचता येईल अशा उंचीवर लावला. मग बँड वाजला आणि आम्ही उंबराचे पाणी आणायला निघालो.